मापाचे माप

आमच्या आजोळी, अलिबाग तालुक्यातल्या एका लहानशा गावी, माजघराच्या कोनाड्यात तेलाची पितळी मापे उपडी घातलेली असत. शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक. घाणा केव्हाच बंद पडला होता, बैल विकले गेले होते, बाजारात लिटरची मापे आली होती. तरी आजी दर शुक्रवारी, शब्बाथ लागण्यापूर्वी, ती मापे चिंच आणि राख लावून घासून काढी. आम्ही एकदा विचारले, "आजी, आता तेल कोण विकतंय? मग घासतेस कशाला?" आजी म्हणाली, "सवय गो. तेल मापाला चिकटतं. आज थेंबभर, उद्या थेंबभर. वाळून त्याचा थर होतो नि माप आतून बारीक होतं. आपण काठोकाठ भरून देतो, पण गिऱ्हाइकाला कमी जातं. कोणी चोरी केली नाही, तरी चोरी झालीच ना?"

कोकणात आपल्या लोकांना 'शनिवार तेली' म्हणत, हे वाचकांना सांगायला नको. पण आजीने सांगितलेली गोष्ट केवळ तेल्याची नव्हती हे आम्हांला फार उशिरा कळले. मिश्नात बावा बत्रा या प्रकरणात हीच आज्ञा आहे. घाऊक व्यापाऱ्याने आपली मापे महिन्यातून एकदा पुसावीत, घरगुती विक्री करणाऱ्याने वर्षातून एकदा. दुकानदाराने मापे आठवड्यातून दोनदा, वजने आठवड्यातून एकदा आणि तराजूचे पारडे प्रत्येक तोलाआधी पुसावे. तोरात खोटी वजने बाळगू नका अशी आज्ञा आहे. ती लबाडांसाठी झाली. मिश्नातली ही आज्ञा मात्र प्रामाणिक माणसांसाठी आहे. आजीला हिब्रू वाचता येत नव्हते. ही गोष्ट तिच्यापर्यंत कोणत्या वाटेने आली, देव जाणे.

हे सारे आठवायला कारण झाले ते ताऱ्यांचे. आमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा भिंगे आणि आरसे तपासण्याचे काम करतो. त्याचे मराठी हिब्रूच्या वळणाचे, आणि बोलण्याचा विषय नेहमी एकच. गेल्या सणाला जेवण झाल्यावर त्याने आम्हांला अमेरिकेतील बाल्टिमोर शहरातल्या एका प्रयोगशाळेची हकिगत सांगितली. अवकाश-दुर्बिणींचे काम पाहणाऱ्या संस्थेत तेथे 'हायकॅट' नावाचे एक टेबल मांडले आहे. टेबलावर लहान लहान आरसे, भिंगे, पडदे आणि कॅमेरे आहेत. एका टोकाला तारा म्हणून एक प्रकाशाचा ठिपका लावतात, आणि त्या ताऱ्याला झाकून त्याच्या शेजारचा काळोख किती काळा करता येतो ते पाहतात.

"काळोख कशाला मोजायचा रे?" आम्ही विचारले.

"मावशी, त्या काळोखातच ग्रह असतो."

आपल्या सूर्याखेरीज दुसऱ्या ताऱ्यांभोवतीही ग्रह फिरतात याचा पक्का पुरावा फार जुना नाही. सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह १९९५ साली मायोर आणि केलो या दोन शास्त्रज्ञांनी शोधला. त्यासाठी त्यांना २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. २०२५ सालापर्यंत अशा ग्रहांची संख्या सहा हजारांवर गेली. पण त्यांतले बहुतेक प्रत्यक्ष कोणी पाहिलेले नाहीत. तारा किंचित डुलतो किंवा त्याचा प्रकाश किंचित घटतो, त्यावरून ग्रह आहे असे ठरवतात. नाडी धरून आजार ओळखावा तसे. ज्यांचे खरोखर छायाचित्र निघाले असे ग्रह शंभरही नाहीत, आणि तेही बहुतेक गुरूपेक्षा मोठे, तरुण, आतून तापलेले.

पृथ्वीसारख्या ग्रहाचे चित्र काढणे का कठीण, ते आकड्यात सांगितल्याशिवाय कळत नाही. लांबून पाहिले तर सूर्याचा प्रकाश पृथ्वीच्या प्रकाशाच्या सुमारे दहा अब्ज पट भरेल. सूर्याचे दहा अब्ज कण आले तर पृथ्वीचा एक. तो एक कण हवा असेल तर आधी दहा अब्ज बाजूला काढावे लागतात. बर्नार लिओ नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९३० च्या सुमारास दुर्बिणीतच सूर्याचे बिंब झाकून त्याच्या भोवतीची प्रभा पाहण्याचे साधन बनवले. ग्रहण लागण्याची वाट पाहायला नको. आजचे शास्त्रज्ञ तीच युक्ती ताऱ्यांना लावतात.

हे ऐकताना आम्हांला आमचा वॉर्ड आठवला. वॉर्डात जो ओरडतो त्याच्याकडे सगळे धावतात. त्याचे दुःखही खरेच असते. पण रात्रपाळीच्या जुन्या सिस्टरने आम्हांला पहिल्या आठवड्यात शिकवले होते की, आधी गप्प खाटेकडे जा. तेवढ्यापुरता कान बंद करून गप्प माणसाकडे पाहणे ही शिकण्याची गोष्ट आहे. ती आपोआप येत नाही.

आता आरशाविषयी. दूरच्या बारीक गोष्टी वेगळ्या दिसायला आरसा मोठा हवा. हबल दुर्बिणीचा आरसा २.४ मीटरचा, एकसंध. त्याहून फार मोठा आरसा अग्निबाणाच्या टोकात मावत नाही, म्हणून तो तुकड्यांचा करतात आणि घडी घालून पाठवतात. हवाई बेटावरच्या केक दुर्बिणींनी जमिनीवर ही पद्धत रूढ केली. तेथे षट्कोनी ३६ तुकडे मिळून दहा मीटरचा एक आरसा होतो. २००८ साली सुमारे १३० प्रकाशवर्षे दूरच्या एका ताऱ्याभोवतीच्या तीन ग्रहांचे चित्र मिळाले, त्यात केकचा वाटा होता. २०२१ च्या डिसेंबरात अवकाशात गेलेल्या जेम्स वेब दुर्बिणीत सोन्याचा मुलामा दिलेले १८ तुकडे आहेत. वर गेल्यावर आरशाने पहिल्यांदा ज्या ताऱ्याकडे पाहिले, त्याचे अठरा वेगवेगळे ठिपके आले. तुकडे हळूहळू जुळवत नेले तेव्हा मार्च २०२२ मध्ये अठरांचा एक झाला.

येथे वाचकांच्या मनात लगेच येईल की समाजही असाच, तुकडे जुळले की एक. आमच्याही मनात आले. पण भाच्याने मान हलवली. तुकडे कितीही जुळवले तरी दोहोंमधली फट राहतेच, आणि त्या फटींच्या कडांवरून ताऱ्याचा प्रकाश इकडे तिकडे विखुरतो. तो विखुरलेला प्रकाश नेमका ग्रहाच्या जागी जाऊन बसतो. फट नाही असे समजून चालत नाही. ती कोठे आहे, केवढी आहे, हे मोजून त्याप्रमाणे पडदे कापावे लागतात. समाजाच्या बाबतीत हे लागू आहे की नाही ते ज्याचे त्याने ठरवावे.

बाल्टिमोरच्या त्या टेबलावर मोठ्या आरशाच्या जागी ३७ षट्कोनी तुकड्यांचा एक छोटासा आरसा आहे. प्रत्येक तुकड्याच्या पाठीशी तीन बारीक हात आहेत, म्हणजे एकूण १११. ते त्याला पुढेमागे करतात आणि दोन बाजूंना कलवतात. त्याशिवाय दोन लवचिक आरसे आहेत. त्यांच्या पाठीशी प्रत्येकी ९५२ हात. कॅमेरा उरलेला प्रकाश पाहतो, गणकयंत्र हिशेब करते, आरसे किंचित वाकतात, पुन्हा कॅमेरा पाहतो. प्रकाशाच्या लाटेवर उलटी लाट घातली की दोन्ही मिळून काळोख होतो. असे पुन्हा पुन्हा करत चित्रात एक काळे कुंड खणत जातात. साध्या हवेत मांडलेल्या त्या टेबलावर त्यांना दहा कोटींत काही कण उरतील इतका काळोख साधला आहे. कॅलिफोर्नियातील पासाडेनाच्या प्रयोगशाळेत, निर्वात पेटीत, तुकडे नसलेल्या दुर्बिणीसारखी मांडणी करून २००७ सालीच दहा अब्जांत सहा कणांपर्यंत मजल गेली होती. तुकड्यांच्या आरशाने तेथवर जायचे तर तुकडे काही पिकोमीटरपेक्षा जास्त हलता कामा नयेत. पिकोमीटर म्हणजे किती? आपल्या डोक्यावरच्या केसाची जाडी सुमारे दहा कोटी पिकोमीटर भरते. हायड्रोजनचा एक अणू शंभराच्या आसपास.

पण आमचे लक्ष ज्या गोष्टीने धरले ती दुसरीच. त्या टेबलावर शास्त्रज्ञ एखादा तुकडा मुद्दाम बिघडवतात. किती बिघडवला ते त्यांना आधीच माहीत असते. मग कॅमेऱ्यात काळोख किती फिकटला ते पाहतात आणि हिशेबाशी ताडतात. सगळे तुकडे सारखे महत्त्वाचे नसतात; काही थोडे हलले तर चालते, काही मुळीच नाही, हे अशाने कळते. आणि आणखी एक गोष्ट कळते, ती म्हणजे आपले मापच जागे आहे की झोपले आहे. ठाऊक असलेली चूक ज्या मापाला दिसत नाही, त्याला ठाऊक नसलेली कशी दिसणार?

ही सावधगिरी या लोकांनी फार मोठी किंमत देऊन शिकली. हबल दुर्बीण एप्रिल १९९० मध्ये वर गेली आणि तिची चित्रे अंधुक आली. तिचा आरसा अतिशय गुळगुळीत होता, पण त्याचा आकार चुकला होता. कडेशी सुमारे दोन मायक्रॉन, केसाच्या जाडीचा पन्नासावा भाग. चौकशीसाठी लू अॅलन यांच्या अध्यक्षतेखाली मंडळ बसले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्यांचा अहवाल आला. आरसा घासताना ज्या उपकरणाने त्याचा आकार तपासत, त्या उपकरणातच एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसले होते. का? अंतर मोजायच्या दांडीच्या टोपणावरचा काळा रंग एका ठिकाणी उडाला होता, आणि प्रकाश दांडीच्या टोकावरून परतण्याऐवजी त्या उडालेल्या रंगावरून परतला. भिंग जागेवर बसेना तेव्हा कारागिरांनी साध्या चकत्या घालून ते बसवले. पुढे अनेक महिने उत्तम कारागिरांनी त्या उपकरणाच्या सांगण्याप्रमाणे आरसा घासला. अत्यंत अचूकपणे चुकीचा आरसा तयार झाला.

वाचकहो, एवढेच असते तर ती दैवगती म्हणून सोडून दिली असती. पण दुसऱ्या दोन तपासण्यांनी चूक दाखवली होती. ती दोन्ही साधने त्या मुख्य उपकरणाइतकी अचूक नाहीत, असे म्हणून त्यांचे सांगणे बाजूला ठेवले गेले.

भाच्याने हे सांगितले तेव्हा आम्ही ताटे उचलायला उठलो होतो. पुन्हा खाली बसलो.

सन १९८५ च्या हिवाळ्यात आम्ही येथल्या एका हॉस्पिटलात स्त्रियांच्या वॉर्डात होतो. एक वृद्ध बाई दाखल झाल्या, आपल्याच. मुलामागून उशिरा इस्राएलला आलेल्या. हिब्रूचा एक शब्द येत नव्हता, म्हणून गप्प. आम्ही मराठीत बोललो तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. डोके जड झाले आहे, डोळ्यांपुढे काजवे येतात, म्हणाल्या. आम्ही रक्तदाब पाहिला. वॉर्डात तेव्हा गोल तबकडीचे, काट्याचे नवे यंत्र आले होते. पाऱ्याचे जुने अडगळीत गेले होते. आकडा १४० आला. ठीक आहे. त्यांची सून म्हणाली, "सिस्टर, वस्तीतल्या दवाखान्यात काल एकशेऐंशी होता." आम्ही म्हणालो, "तिथलं यंत्र जुनं आहे हो. आमचं नवं आहे." दुसऱ्या दिवशीही तसेच. डॉक्टरांना रात्री उठवायचे कारण दिसले नाही.

तिसऱ्या पहाटे बाईंचा उजवा भाग गेला. वाचाही गेली. त्यांच्याजवळ एकच भाषा होती, तीही राहिली नाही. त्यानंतर त्या चार वर्षे जगल्या.

आठवड्याने कोणीतरी तबकडीचे यंत्र पाऱ्याच्या यंत्राशी ताडून पाहिले. ते ३५ ने कमी दाखवत होते. केव्हातरी ट्रॉलीवरून पडले असावे. काट्याला शून्याशी अडवणारी एक बारीक खुंटी आत होती, त्यामुळे काटा शून्यावरच टेकलेला दिसे आणि बिघाड कळत नसे. यंत्र दुरुस्तीला गेले. नोंदवहीत 'दुरुस्तीला पाठवले' एवढेच लिहिले गेले. त्या कुटुंबाला कोणी काही सांगितले नाही.

येथे 'आम्ही' म्हणजे हॉस्पिटल नव्हे. हे लिहिणारी. लिहिण्यात 'आम्ही' म्हणायची जुनी सवय आहे आणि ती सोयीची आहे, म्हणून हे स्पष्ट करावे लागते.

खरा आकडा कळला असता तर बाई वाचल्या असत्या का? तेव्हाच्या डॉक्टरांनी आम्हांला सांगितले की, सांगता येत नाही. ते खरेच आहे. पण आमचा प्रश्न तो नाही. खोट्या मापावर जो खऱ्या मनाने विश्वास ठेवतो, तो दोषी आहे काय? चाळीस वर्षे आम्ही स्वतःला 'नाही' असे उत्तर दिले. यंत्र पडले ते आम्ही पाहिले नाही. यंत्र आम्ही निवडले नाही. आकडा जसा दिसला तसा लिहिला. यात खोटे काय?

भाचाही तसेच म्हणाला. "मावशी, प्रत्येक वेळी प्रत्येक मापावर संशय घेतलास तर एक दिवस काम होणार नाही. मीसुद्धा सकाळी माझ्या यंत्रावर विश्वास ठेवूनच सुरुवात करतो."

त्याचे म्हणणे आम्ही मानतो. सगळ्यावर संशय घेणारी परिचारिका न घेणारीइतकीच धोक्याची. ती एकाच रोग्याजवळ रात्र घालवील. मिश्नानेही दुकानदाराला दर घटकेला माप पुसायला सांगितलेले नाही. आठवड्यातून दोनदा सांगितले आहे. संशयालाही वेळापत्रक लावून दिले आहे. उरलेल्या वेळी निर्धास्तपणे विका. जेम्स वेबच्या लोकांनी तेच केले. थंडीत आरसे किती वाकतात ते अलाबामातील हंट्सव्हिल येथे आधी मोजले, आणि थंडीत आकार बरोबर यावा म्हणून उबेत ते त्या हिशेबाने मुद्दाम चुकीचे घासले. मग २०१७ साली सगळी दुर्बीण ह्यूस्टनच्या प्रचंड निर्वात कोठीत सुमारे शंभर दिवस ठेवली. मध्येच हार्वे वादळाने शहर पाण्याखाली गेले, तरी माणसे कोठीजवळ थांबून राहिली. पुढच्या दुर्बिणीसाठी, जिचे नाव 'हॅबिटेबल वर्ल्ड्स' असे ठेवले आहे आणि जी २०४० नंतरच्या दशकात जायची आहे, बाल्टिमोरचे टेबल आतापासून राबते आहे.

एवढा पैसा दूरच्या ग्रहांवर का, हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये खाटा लागलेल्या असताना? हा प्रश्न आमच्या मैत्रिणींनी विचारला आणि तो वावगा नाही. वेबला सुमारे दहा अब्ज डॉलर लागले. पण आमच्या वॉर्डात त्या वर्षी पैसा कमी नव्हता. यंत्र नवे कोरे होते.

तर भाच्याच्या बोलण्यात एक गोष्ट सुटते. एकच माप असेल आणि ते खोटे निघाले, तर त्याला अज्ञान म्हणावे. पण दोन मापे दोन गोष्टी सांगू लागली त्या क्षणी अज्ञान संपते. तेथून पुढे आपण निवड करतो. हबलच्या लोकांनी निवड केली. आम्हीही केली. आणि कोणते माप निवडले? जे नवे होते ते. खरे सांगायचे तर, जे मानल्याने रात्री कोणाला उठवावे लागत नव्हते ते. जुने पाऱ्याचे यंत्र अडगळीच्या खोलीत होते. वीस पावलांवर. तेथपर्यंत आम्ही गेलो नाही. आम्ही खोटे बोललो नाही हे खरे आहे, आणि त्याचा येथे काही उपयोग नाही.

दुसरा फरक आम्हांला अधिक बोचतो. हबलचा दोष जूनमध्ये उघड झाला आणि नोव्हेंबरात चिपडलेल्या रंगापासून चकत्यांपर्यंत सगळे छापून लोकांपुढे ठेवले गेले. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन दुरुस्तीचे आरसे बसवले, कारण चूक किती आणि कोणत्या दिशेला हे नेमके ठाऊक झाले होते. आरशाला दुरुस्ती मिळाली. माणसाला ती मिळत नाही. मग निदान हकिगत तरी मिळायला हवी होती.

त्या सूनबाई आता ऐंशीच्या पुढे आहेत. लग्नात, मेंदीला, मलिद्याला भेट होते. दर वेळी हात हातात धरून म्हणतात, "सिस्टर, तुम्ही माझ्या सासूची फार सेवा केलीत. मराठीत बोलायला कोणी होतं म्हणून ती धीरानं राहिली." आम्ही दर वेळी मान खाली घालतो, आणि त्यांना तो विनय वाटतो.

त्यांच्या त्या एकशेऐंशीवर आपण विश्वास ठेवला नव्हता, आणि त्यांचाच आकडा खरा होता, हे त्यांना आजवर माहीत नाही. कदाचित एवढी वर्षे त्यांना वाटत असेल की, आपणच अधिक जोर लावून बोलायला हवे होते.

हे मासिक त्यांच्याही घरी जाते. नातू त्यांना वाचून दाखवतो. म्हणून हा लेख लिहून झाला आहे, तरी पाकीट अजून टेबलावरच आहे. उद्या सकाळच्या बसने आम्ही त्यांच्याकडे जाणार आहोत. पाकीट परतल्यावर टाकू.